टोपीत खोचलेलं पान

करंगाच्या तळावर पोचल्या पोचल्या बारिकिएलीने पाठीवरची कोबी, गाजरं आणि मटणाची पिशवी आचाऱ्याच्या तंबूपाशी उतरवली. पेलाभर पाणी प्यायला. मग इकडे तिकडे बघून त्याने गाइड अमिनिएलला एका खडकाआड बोलावलं. बारिकिएली या डोंगरावरचा सगळ्यात जुना हमाल. कुणालाही बाजूला बोलावून काही सांगावं असा त्याचा स्वभावच नव्हता, त्यामुळे अमिनिएलच्या मनात आधी घरचंच काहीबाही आलं.

"हात पुढे कर," बारिकिएली म्हणाला.

शर्टाच्या आतून एक फडकं निघालं आणि फडक्यातून एक लांबसडक हिरवं पान. मधोमध गाठ मारलेलं.

"कुणाकडून?" अमिनिएलने विचारलं. विचारायची खरं तर गरज नव्हती. त्याच्याशी बोलत नाही असा माणूस अख्ख्या माचामे गावात एकच होता. बाकी कुणाला अमिनिएलशी न बोलणं जमायचंच नाही, कारण तो समोरच्याला गप्प बसू देत नसे.

"तुझ्या दादाकडून. एलिनामीने स्वतः कुंपणातलं तोडलं, स्वतः गाठ मारली. मी समोर उभा होतो."

इसालेचं पान. किबो डोंगराच्या उतारावर प्रत्येक केळीच्या बागेभोवती इसालेचं कुंपण असतं, गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. पण त्याच कुंपणातलं एक पान तोडून, गाठ मारून कुणाच्या हाती पाठवलं, की त्याचा अर्थ होतो : माझं चुकलं, आता मिटवून टाक. आणि ज्याच्या हातात ते पडतं, त्याला नाही म्हणायची सोय नसते. खून पडलेल्या घरांनीही पान घेतलेलं आहे. इथे तर भांडण एका बोकडाच्या छातीवरून होतं.

हसू येईल, पण होतं खरं. नाताळला सगळं कुळ गावी जमतं. शहरात गाड्या चालवणारे, दुकानं टाकलेले, सगळे. बोकड कापला जातो, आणि कुणाला कुठला वाटा हे ठरलेलं असतं. या घरात छातीचा वाटा धाकट्याचा. सहा नाताळांपूर्वी सुरी एलिनामीच्या हातात होती. पोटात दारू थोडी जास्त गेली होती, भोवती पन्नास माणसं होती. त्याने छाती उचलून एका चुलतभावाच्या ताटात टाकली आणि म्हणाला, "अमिनिएलला कशाला? तो वर गोऱ्यांच्या ताटातलं खातो. त्याला खूर द्या, चढायला उपयोगी पडतील." सगळे हसले. अमिनिएलची बायको आयकांदेसुद्धा हसली, मग तिने तोंडावर हात ठेवला. आयुष्यभर दुसऱ्यांची टोपी उडवणारा अमिनिएल, त्याची स्वतःची उडाली तेव्हा मात्र त्याला ते सोसवलं नाही. न जेवता तो उठला आणि कुंपण ओलांडून आपल्या घरी गेला, तो पुन्हा त्या दाराने आत आला नाही.

तेही कुणाच्या बाबतीत? ज्या दादाने त्याला डोंगरावर आणलं त्याच्या. एलिनामी जन्मभर या वाटेवर आचारी होता. अमिनिएलच्या पाठीवर पहिलं ओझं त्यानेच चढवलं, हमालाचा गाइड होईपर्यंत त्याच्या वाट्याचं सूप राखून ठेवलं, पाहुण्यांची इंग्रजी भांडी घासता घासता त्याच्याकडून पाठ करून घेतली. गुडघे गेले तेव्हा तो खाली उतरला आणि चर्चच्या गाण्यात रमला.

"आत्ताच का?" अमिनिएलने विचारलं.

"शनिवारी न्देशीच्या सासरची माणसं म्बेगे दारूचे हंडे घेऊन येतायत. मुलगी मागायला. बापाशेजारी काकाची खुर्ची असते ना? ती रिकामी ठेवून मी पोरगी देणार नाही म्हणतो तुझा भाऊ. त्याची बायको म्हणाली, अमिनिएल डोंगरावर आहे, उतरेल तेव्हा बघू. तर म्हणाला, उतरेपर्यंत माझं मन पुन्हा फिरलं तर? आजच पाठवायचं."

न्देशीला अमिनिएलने खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं. या सहा वर्षांत ती रस्त्यात भेटली की दोघं चोरासारखे बोलायचे. त्याने पान दोन्ही हातांनी घेतलं, घ्यायचं असतं तसं.

"दादाला सांग, पान पोचलं. मी उतरलो की आधी त्याच्या दारात येईन, मग माझ्या."

"सांगतो." बारिकिएली निघाला आणि चार पावलं जाऊन मागे वळला. "ते आतल्या खिशात ठेव."

"का?"

"का म्हणजे? पान आहे ते."

इथपर्यंत सगळं नीट होतं. बारिकिएली उतारावर दिसेनासा होईपर्यंत पान आतल्या खिशातच होतं. पण अमिनिएलचा आनंद हा असा माणूस होता की त्याला एकट्याने बसवत नसे, त्याला चार लोक लागत. आणि खरं सांगायचं तर तो निव्वळ आनंदही नव्हता. त्यात जिंकल्याची गोडी होती. सहा नाताळ दोघांपैकी कोण आधी वाकतो याची गाव वाट बघत होतं, आणि वाकला कोण, तर थोरला. तंबूपर्यंत पोचता पोचता त्याने ते पान काढलं आणि टोपीच्या पट्टीत खोचलं. गाठ बरोबर कपाळावर आली.

तंबूत चार पाहुणे चहा घेत होते. कॅनडाहून आलेली, एकाच शाळेतून निवृत्त झालेली शिक्षक मंडळी. त्यांच्यातली डॉना चौकस होती. वाटेत दिसलेल्या प्रत्येक झाडाचं नाव ती विचारायची, आणि अमिनिएल सांगायचा. माहीत नसलं तरी सांगायचा.

"आज टोपीत काय?" तिने विचारलं.

झालं. माणसाच्या जिभेला हाड नसतं, आणि अमिनिएलच्या तर नव्हतंच. त्याने पॉपकॉर्नची वाटी बाजूला सारली आणि सगळं उभं केलं. एलिनामीचा खोकला, त्याचं गुडघ्यावर हात ठेवून उठणं, सुरी हातात धरून केलेलं भाषण. खुरांचं वाक्य आलं तेव्हा स्वतःवरचा तो विनोद त्याने इतका रंगवला की पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि आज, तो म्हणाला, आज हे आलं आहे. आमच्याकडे पान पाठवणं म्हणजे पाय धरणं.

"म्हणजे तुम्ही जिंकलात," डॉनाचा नवरा म्हणाला.

इथे एक साधं वाक्य पुरलं असतं. यात जिंकणं-हरणं नसतं, एवढंच. अमिनिएलला ते येत होतं, पूर्वी कित्येक पाहुण्यांना त्याने तेच सांगितलं होतं. पण चौघं त्याच्याकडे बघत होते आणि टोपीवर पान होतं.

"सहा वर्षं लागली," तो म्हणाला, "पण म्हातारा वाकला."

चहा ओतणारा झाकायो फिसकन हसला. झाकायो म्हणजे या टोळीचा गाणारा. सकाळी तळ हलवायच्या आधी पाहुण्यांसमोर नाच-गाणं व्हायचं, आणि त्यात झाकायो रोज नवं काहीतरी घालायचा. कुणाचे बूट फाटले, कोण घोरलं, कुणाला उलटी झाली. ज्याचं नाव येईल त्याने पुढे येऊन नाचायचं, अशी रीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाव अमिनिएलचं आलं.

"म्हातारा वाकला," झाकायोने सूर धरला.

"वाकला, वाकला," मागून पंचवीस जणांनी ओढलं.

"पान घेऊन डोंगरी झुकला."

"झुकला, झुकला."

"काका आमचा टोपीत मिरवला..."

अमिनिएल पुढे झाला. टोपी काढून उंच धरली, गुडघ्यावर हात ठेवून दादासारखा वाकला, खोकला, पुन्हा उठला. पाहुणे टाळ्या पिटत होते. डॉनाने फोनवर सगळं घेतलं, झाकायोनेही घेतलं. मागच्या रांगेतले दोन-तीन वयस्क हमाल नुसते टाळ्या वाजवत होते, त्यांचे ओठ हलत नव्हते. हे अमिनिएलला दिसलं होतं. त्याला वाटलं, थंडी असेल.

त्यानंतर बराफूचा तळ, आणि मग शिखराची चढण. चौघंही वर पोचले, डॉना शेवटच्या टप्प्यात रडत रडत. ऊन वर आलं होतं. खाली ढग पसरले होते आणि त्या ढगांखाली कुठेतरी माचामे होतं, केळीच्या बागा होत्या, दादाच्या अंगणातली चूल होती. तेव्हा अमिनिएलच्या मनात जे आलं ते अगदी स्वच्छ होतं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

एलिनामी कधी वर आला नव्हता. आचारी येत नाही. लोक शिखरावर जातात तेव्हा आचारी खालच्या तळावर पेज शिजवत बसतो, कारण उतरून आलेल्याला पहिलं काही हवं असेल तर ते गरम पेज. जन्म गेला एलिनामीचा असा. एकदा त्याने धाकट्याला विचारलं होतं, "वर काय आहे रे?" आणि अमिनिएल म्हणाला होता, "काही नाही दादा. थंडी आणि शिखराचं नाव लिहिलेली एक फळी." एलिनामी भांडं घासत होता. "तरी एकदा बघायला हवी होती ती फळी," तो म्हणाला होता.

अमिनिएलने फळीशी उभं राहून टोपी छातीशी धरली, पान नीट दिसेल अशी, आणि डॉनाला फोटो काढायला सांगितलं. दादाला सांगू, तू नाही आलास पण तुझं पान आलं. उतरताना सगळी वाट तो हे वाक्य मनात घोळवत होता. कधी सांगायचं, तेही ठरलं होतं. शनिवारी, न्देशीच्या सासरचे गेल्यावर, दोघं एकाच भोपळ्याच्या पेल्यातून म्बेगे पीत असताना.

उतरणीवरच्या म्वेकाच्या तळावर त्याने फोन चालू केला. आयकांदेचे सहा फोन येऊन गेले होते. त्याने लावला.

"अहो, काय केलंत तुम्ही?" ती म्हणाली.

"काय केलं? सगळे वर पोचले."

"ते नाही. तुमचं गाणं खाली पोचलंय."

अमिनिएल फोन घेऊन तंबूंपासून दूर गेला.

"काल सकाळी बारिकिएली तुमचं उत्तर घेऊन आला," आयकांदे सांगू लागली. "भाऊजींनी कुंपणातून मला हाक मारली. सहा वर्षांनी. काय म्हणाले माहितीय? आयकांदे, तुझ्या नवऱ्याला मटणात मीठ अजून कमीच लागतं ना? मी हो म्हटलं. तिथेच उभी राहून रडले मी. दिवसभर त्यांनी अंगण झाडलं, स्वतः. नाचणी दळून आणली. आणि संध्याकाळी चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला कुणाच्या तरी फोनवर ते वाजलं. लोकांना वाटलं, त्यांना ठाऊक असेल. हसत हसत दाखवलं."

"मग?"

"पूर्ण बघितलं. परत लाव म्हणाले. परत बघितलं. मग गाण्यांचं पुस्तक मिटलं आणि घरी निघून गेले. त्यांच्यासारखं खोकलात तुम्ही, अहो."

झाकायो भांडी बांधत होता. अमिनिएल त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. "ते गाणं पुसून टाक."

"पुसतो काका. पण माझ्याकडचं पुसून काय होणार?" झाकायोला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. मान खाली घालून तो म्हणाला, "शब्द तुमचेच होते. मी फक्त चाल लावली."

निघताना पाहुण्यांनी पुन्हा तेच गाणं मागितलं, ते म्हाताऱ्याचं. अमिनिएल म्हणाला, आज दुसरं म्हणा. पान केव्हाच आतल्या खिशात गेलं होतं. ते मधोमध चुरगळलं होतं, गाठ मात्र तशीच होती.

कबूल केल्याप्रमाणे तो आधी दादाच्या दारात गेला. अंगण लख्ख झाडलेलं होतं. एलिनामी ओट्यावर बसून शेंगा सोलत होता. डोळे वर करून त्याने पाहिलं.

"आलास. बस."

अमिनिएल उभाच राहिला. "दादा, ते गाणं..."

"पान पोचलं ना?"

"पोचलं."

"दोन्ही हातांनी घेतलंस, बारिकिएली म्हणाला."

"हो."

"मग मिटलं." एलिनामीने शेंगेतले दाणे परातीत टाकले. "चूक माझी होती. पन्नास माणसांत तुला हसलो. ते मी पाठवलेल्या पानात आलं सगळं. शनिवारी लवकर ये. पाहुणे वेळेवर येणारे आहेत."

आवाजात राग नव्हता. राग असता तर अमिनिएलला काय करायचं ते कळलं असतं, सहा वर्षांची सवय होती. त्याने मनात घोळवलेलं वाक्य खिशातल्या एखाद्या नाण्यासारखं शोधून काढलं. "दादा, तुझं पान मी वर नेलं होतं. शिखरावर. त्या फळीपाशी."

"बघितलं," एलिनामी म्हणाला. "तो फोटोही फिरतोय सगळ्यांच्या फोनवर. न्देशीने दाखवला. छान आहे जागा."

आणि पुन्हा शेंगा सोलू लागला.

शनिवारी काही म्हणजे काही उणं पडलं नाही. काकाची खुर्ची बापाच्या खुर्चीला लागून होती. नवऱ्यामुलाच्या माणसांनी म्बेगेचे हंडे आणले, बोलणी झाली, चेष्टामस्करी झाली, न्देशी बाहेर येऊन लाजली आणि सगळ्यांदेखत काकाच्या गळ्यात पडली. बोकड कापल्यावर सुरी एलिनामीने घेतली. सगळं अंगण गप्प झालं, कारण सगळ्यांना आठवत होतं. त्याने छाती अखंड उचलली, केळीच्या पानावर ठेवली आणि मोठ्याने म्हणाला, "ही माझ्या धाकट्या भावाची." आधी ती वाटली, मग बाकीचं. बायकांनी सुस्कारे सोडले. वहिनीने डोळे पुसले. सहा वर्षं अमिनिएल ज्या एका गोष्टीसाठी कुढत बसला होता, ती त्याच्या मांडीवर होती, गरम, आणि हवी होती त्याहून मोठी.

मग म्बेगे आलं. एलिनामीने भोपळ्याचा पेला भरला, एक घोट घेतला आणि डावीकडे बसलेल्या चुलतभावाला दिला. तो तसाच पुढे फिरला, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या, घरची माणसं पितात तसा. अमिनिएलसाठी आतून चिनी मातीचा मग आला. पास्टर आले की निघतो तो, निळ्या फुलांचा. एलिनामीने स्वतःच्या हाताने तो काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

"घे," तो म्हणाला. "तुला सवय आहे मगाची."

टोमणा नव्हता तो. टोमणा कसा असतो ते अमिनिएलला चांगलं कळत होतं. आजूबाजूला कुणाच्या लक्षातही आलं नाही. उलट नवऱ्यामुलाचा मामा म्हणाला, भावाचा किती मान ठेवतात बघा. त्याच मामाने थोड्या वेळाने ढोसत ढोसत गुणगुणायला सुरुवात केली, "वाकला, वाकला," आणि बायकोने कोपर मारल्यावर गप्प झाला. एलिनामीने उठून त्याचा पेला भरला.

पाहुणे गेले तेव्हा ऊन अजून केळींवर होतं. अमिनिएल मांसाचं पुडकं काखेत धरून कुंपणापाशी आला. इसाले दाट माजलं होतं. त्याने एक पान निवडलं, कोवळं, न फाटलेलं, आणि देठाशी हात घातला. बारिकिएली घरीच असेल. संध्याकाळच्या आत पान दादाच्या हातात पडेल, आणि ते पडलं की दादाला नाही म्हणता येणार नाही. इतकं सोपं होतं ते.

"तोडू नकोस."

एलिनामी मागे उभा होता. रिकामे पेले गोळा करता करता तो इथवर आला होता, दोन्ही हातांत पेले होते.

"दादा, माझं चुकलं. मला..."

"माहितीय मला. तुझ्या तोंडावर दिसतंय." एलिनामीने हातातले पेले सावरले. "पण पान पाठवू नकोस, अमिनिएल. पाठवलंस तर मला घ्यावं लागेल."

तो वळला आणि गुडघे सांभाळत अंगणाकडे गेला. अमिनिएलने देठ सोडला. काखेतलं मांस अजून कोमट होतं. ते घेऊन तो आपल्या घरी गेला आणि आयकांदेला म्हणाला, मीठ कमी घाल.